तपकिरी कागदातला बन

चोरी करायला जाणाऱ्याने निदान नाव-गाव तरी घरी ठेवून जावं. ती मात्र गळ्यात हॉस्पिटलचं ओळखपत्र लटकवून गेली होती.

सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती. बेकरीच्या काचेवर आतून भट्टीची वाफ धरलेली, बाहेरून भुरभुर पावसाचे थेंब. पाळी आली तशी तिने आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे पाहिलं आणि काउंटरवर वाकून हळूच म्हणाली, "एक बन द्या. पांढरा. लोणी लावून... जरा जास्तच."

काउंटरपलीकडे कोपरापर्यंत पिठात बुडालेला एक उंच माणूस उभा होता. कानावर पेन्सिल, भुवईवर पीठ. त्याने बन हातात घेतला, तिच्या गळ्यातल्या कार्डाकडे पाहिलं आणि बन पुन्हा परातीत ठेवला.

"तुम्ही पहिल्या मजल्यावरच्या ना? खोली नंबर सात?"

"...हो. का?"

त्याने खणातून घडी घातलेला एक कागद काढला आणि तिच्यासमोर उलगडला. तो एक आहारतक्ता होता. त्यावर तिच्याच गोल गोल अक्षरात लिहिलं होतं, 'मैदा बंद'. खाली एक नाही, दोन रेघा मारलेल्या होत्या.

"ही सही तुमचीच?"

सही तिचीच होती. ती हॉस्पिटलची आहारतज्ज्ञ होती. हॉस्पिटलमध्ये वॉर्डबॉयपासून मोठ्या सर्जनपर्यंत सगळे तिला 'कोंडाताई' म्हणत. आलेल्या प्रत्येकाला ही बाई कोंडा खायला सांगते, भुसा खायला सांगते, सफरचंद सालासकट खायला सांगते, अशी तिची ख्याती होती. आणि ख्याती खरी होती. फक्त स्वतःच्या बाबतीत सकाळचा हा एक बन तिने वगळला होता.

"मी... दुसऱ्या कुणासाठी तरी नेतेय," ती म्हणाली.

"लोणी जास्त लावून?"

"त्याला आवडतं."

"कोणाला?"

"...मलाच," ती म्हणाली आणि हसू आवरेना म्हणून तिने तोंडावर हात धरला. तोही हसला. हसला तेव्हा भुवईवरचं पीठ गालावर उतरलं.

त्या बेकरीची एक जुनी रीत होती. कोंड्याचा पाव तपकिरी कागदात आणि पांढरा पाव पांढऱ्या कागदात. त्याच्या आजोबांपासून चालत आलेली. त्याने तिच्या बनला ओंजळभर लोणी लावलं, क्षणभर विचार केला आणि तो तपकिरी कागदात गुंडाळला.

"घ्या. आता खुशाल मिरवत न्या. तुमचं गुपित माझ्या पोटात."

"थँक्यू. आणि तो तक्ता कोणाचा?"

"माझ्या मावशीचा. तिच्या पुढ्यातून तुम्ही पांढरा पाव काढून घेतलात, मॅडम. आता कळलं, कोणासाठी ते."

"मॅडम नको हो. सगळे मला ताई म्हणतात."

"सगळ्यांना म्हणू देत," पुढच्या गिऱ्हाइकाचा पाव कापता कापता तो म्हणाला, मान वर न करता. "मला नाही जमायचं."

ती चौकापर्यंत पोचली, सिग्नल हिरवा झाला, पुन्हा लाल झाला, तेव्हा कुठे त्या वाक्याचा अर्थ तिच्या डोक्यात शिरला. बन तोवर गार झाला होता.

त्यानंतर सात-दहाचा बन हा तिच्या दिवसाचा नेम झाला. आधी ती सात-दहाला यायची, मग सातला, मग पावणेसातला. लवकर गेलं की रांग नसते, असं तिने स्वतःला पटवून दिलं होतं. रांग तेव्हाही असायची.

"एक विचारू?" तो एकदा म्हणाला. "कोंडा पचत नाही म्हणता. मग पोटात जाऊन तो करतो काय?"

हा प्रश्न तिला कुणी विचारला की तिला बरं वाटायचं. तिने काउंटरवर सांडलेल्या पिठात बोटाने एक वेडीवाकडी नळी काढली. "हे आतडं. आपण खाल्लेलं सगळं इथून शोषलं जातं. फायबर नाही जात, ते नुसतं पुढे चालत राहतं. पण जाता जाता बाकीच्यांना शिस्त लावतं. आता ओट, सफरचंद यांतलं फायबर पाण्यात विरघळून दाट होतं. मग साखर रक्तात धावत सुटत नाही, रांगेने जाते. कोंड्याचं फायबर पाणी धरून ठेवतं आणि पोट साफ करतं."

"म्हणजे तुमच्या हॉस्पिटलच्या मेट्रनबाई."

"त्यांच्यासमोर बोलू नका हं हे!"

"मी कशाला जातोय तिकडे? मला जे भेटायचं असतं ते इथे येतं."

मागून कुणीतरी घसा खाकरला. तिने घाईघाईने ते आतडं पुसून टाकलं आणि निघाली. दिवसभर उजव्या बाहीवर पीठ तसंच राहिलं आणि तिने ते झटकलं नाही.

त्याची मावशी बेकरीच्या मागच्या खोलीत असे. तो चार वर्षांचा असताना आई गेली, तेव्हा मावशी दोन दिवसांसाठी म्हणून आली होती, ती राहिलीच. लग्न केलं नाही. चाळीस वर्षं काउंटरमागे उभी राहिली आणि आता दोन्ही गुडघे पार कामातून गेले होते. न्हाणीघरात जायला तीन पायऱ्या होत्या. त्या तीन पायऱ्या ती भिंत धरून, ओठ चावून चढायची आणि वर पोचली की आतून नळ मोठा सोडायची, म्हणजे रडणं बाहेर ऐकू जाऊ नये. तो ऐकायचाच.

गुडघे बदलायचे ठरले होते. पण रक्त कमी. हिमोग्लोबिन अकरावर गेल्याशिवाय हात लावणार नाही, असं सर्जननी स्पष्ट सांगितलं होतं. शिरेतून दिलेलं लोह मावशीच्या एकदा चांगलंच अंगावर आलं होतं, म्हणून मग गोळ्या. रिकाम्या पोटी मळमळ नको म्हणून सर्जननी चिठ्ठीवर लिहिलं, 'नाश्त्यासोबत'. लोहाच्या गोळ्यांनी पोट गच्च झालं, म्हणून मावशीला खोली नंबर सातमध्ये पाठवलं आणि कोंडाताईने तक्त्यावर लिहिलं, 'नाश्त्याला कोंड्याचा पाव'. मावशीचं पोट आठ दिवसांत सुरळीत झालं. भाच्याने हुरूप येऊन पावातला कोंडा दुप्पट केला आणि ते काउंटरवर तिला सांगितलं, तेव्हा तिने त्याला शाबासकीही दिली होती.

रक्त मात्र जागचं हललं नाही. पहिल्या महिन्यात नऊ पॉइंट एक, दुसऱ्या महिन्यात नऊ पॉइंट दोन, तिसऱ्या महिन्यात पुन्हा नऊ पॉइंट एक.

तिसरा रिपोर्ट आला त्या दिवशी सर्जननी तिला बोलावून घेतलं. "पुढच्या महिन्याची वीस तारीख आहे. सात आठवडे. तोवर अकरा झालं नाही, तर ही तारीख दुसऱ्याला द्यावी लागेल. पुढची मिळायला आठ महिने. आणि तोपर्यंत या बाई अंथरुणाला खिळलेल्या असतील. गोळ्या घेत नसणार त्या. घरचे हो म्हणतात, डबी कपाटात पडलेली असते. तुमची ओळख आहे ना त्यांच्याशी? विचारा."

तिने विचारलं. आणि वाईट विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, गिऱ्हाइकांसमोर, घाईत.

"मावशी गोळ्या नक्की घेतात ना? म्हणजे... तुम्ही स्वतः पाहता का? विसरत असाल कधी कधी..."

त्याच्या हातातला सुरा थांबला. तो आत गेला आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन आला. झाकण काढून तिच्यासमोर धरला. आत गोळ्यांची रिकामी पाकिटं होती, एकावर एक रचलेली, प्रत्येक भोकाशेजारी पेन्सिलने तारीख. एकही दिवस सुटलेला नव्हता.

"अजून काही विचारायचं आहे?" तो म्हणाला.

तिने मान हलवली. त्या दिवशी बन घ्यायला ती विसरली.

रात्री तिला झोप लागली नाही, ते सोडून देऊ. सकाळी पाऊस थांबला होता. ती रांगेत उभी न राहता मागच्या दाराने गेली. माफी मागायची तर ती अंगणातून मागावी, काउंटरवरून नको.

"कोण गं? ये ये!" मावशी खिडकीशी टेबलाला बसली होती. लहानखुरी, पांढऱ्या केसांची, डोळे मात्र मिश्कील. "तूच ना ती खोली नंबर सातवाली? पुन्हा एकदा नीट बघायचीच होती मला तू. आमचा पिठ्या हल्ली पहाटे भांग पाडतो. पीठ मळायला जाणारा माणूस, भांग पाडून जातो!"

"मावशी!" दारातून त्याचा आवाज आला. खांद्यावर टॉवेल, हातात चहाची किटली. तिला पाहून तो थबकला. काल डबा दाखवताना चेहऱ्यावर होता तो ताण अजून पुरता गेला नव्हता, पण कान लाल झाले होते.

"मी... कालचं सॉरी म्हणायला आले," ती म्हणाली. "मी तसं विचारायला नको होतं."

"ठीक आहे. बसा," तो म्हणाला. आणि मग हळूच, "चहा घेता ना?"

एवढ्यावर सगळं गोडीगुलाबीने मिटलं असतं. पण मावशीने नाश्ता सुरू केला. समोरच्या ताटलीतला जाड, काळपट, कोंड्याने खरखरीत झालेला पावाचा तुकडा उचलला. अंगठ्याने त्यात खळगा केला. त्या खळग्यात लाल गोळी ठेवली, वरून पाव दाबला आणि घास तोंडात टाकला.

"नाहीतर खिळा चघळल्यासारखी चव येते बाई," चावता चावता मावशी म्हणाली. "ही पिठ्याची युक्ती. चहा मात्र तासभर नाही हं, तू सांगितलंयस ना."

ती बघतच राहिली. चहाचं तिने विचारलं होतं. दुधाचं विचारलं होतं. औषधं कधी, किती, पाणी किती, सगळं विचारलं होतं. गोळी पावासोबत जाते का, हे विचारलं नव्हतं. कारण पाव तिने स्वतःच लिहिला होता.

"हे... रोज असंच?"

"पहिल्या आठवड्यापासून. एक दिवस चुकला नाही."

क्षणभर एक सोपा रस्ता समोर दिसला. गोळीची वेळ जरा बदलू या, एवढंच म्हणायचं. का, ते कुणी विचारलं नसतं. तो दारात उभा होता आणि आता हळूहळू हसायला लागला होता. ते हसू जाऊ नये, असं तिला फार, फार वाटलं.

"चूक माझी आहे," ती म्हणाली.

"अहो, झालं की ते कालचं..."

"कालची नाही. तीन महिन्यांपूर्वीची." तिने ताटलीकडे बोट केलं. "कोंड्यात एक पदार्थ असतो. फायटेट. तो लोहाला घट्ट धरून बसतो. शरीराला मिळायच्या आधीच दोघं हातात हात घालून बाहेर पडतात. कोंडा वाईट नाही, गोळीही वाईट नाही. पण दोघं एका घासात नकोत. मधे दोन तास हवेत. मी... मी ते सांगायला हवं होतं. माझं कामच आहे ते. मी फक्त पोटाचा विचार केला, रक्ताचा नाही केला."

त्याने किटली खाली ठेवली.

"आणि मी कोंडा दुप्पट केला," तो म्हणाला.

"हो."

"तुम्ही छान म्हणालात."

"...हो. म्हणाले."

"तीन महिने," तो म्हणाला. आवाज अजिबात चढला नाही आणि तेच तिला जास्त लागलं. "तीन महिने ती न्हाणीघराच्या पायऱ्या भिंत धरून चढतेय, मॅडम. आणि मी रोज सकाळी स्वतःच्या हाताने..." तो वळला आणि भट्टीकडे निघून गेला. थोड्या वेळाने ओट्यावर पीठ आपटल्याचा आवाज येऊ लागला.

तिचे डोळे भरून आले. मावशीने तोंडातला घास गिळला, पाणी प्यायलं आणि विचारलं, "सात आठवड्यांत अकरा होईल का गं?"

"होऊ शकतं. आजपासून नीट केलं तर."

"मग रडतेस काय? कागद काढ आणि लिही."

हॉस्पिटलमध्ये पोचल्यावर ती आधी सर्जनच्या खोलीत गेली आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "नाश्त्यासोबत हे मी लिहिलं होतं. नाश्ता काय, ते तुम्ही लिहिलंत. दोन्ही कागद एका पिशवीत होते आणि आपण दोघांनी एकमेकांचा पाहिला नाही." त्या दिवसापासून तिने प्रत्येक तक्त्यावर एक नवा रकाना आखला. 'गोळी कशासोबत?'

दुसऱ्या दिवशी ती बेकरीत गेली. त्याने बन घेतला, लोणी लावलं, सगळं नेहमीसारखं केलं. आणि बन पांढऱ्या कागदात गुंडाळून दिला.

ती तो पांढरा कागद छातीशी धरून हॉस्पिटलच्या पुढच्या दारातून आत गेली. वॉर्डबॉय हसला, मेट्रनबाईंनी भुवया उंचावल्या. तिला त्याचं काही वाटलं नाही. ज्याचं वाटायचं होतं ते बेकरीतच वाटून झालं होतं.

चार दिवस हेच चाललं. 'बन.' 'घ्या.' 'येते.' 'हं.'

पाचव्या दिवशी दुपारी खोली नंबर सातच्या बाहेर परिचारिकेने पुकारा केला, "टोकन चौदा!" आणि दार ढकलून तो आत आला. धुतलेला शर्ट, पाडलेला भांग. हातात टोकन. बाहेर तेरा पेशंटांच्या मागे तो सव्वा तास बाकावर बसला होता.

"बसा," ती म्हणाली. "तुम्ही थेट आत यायचं होतं..."

"रांग असते सगळ्यांना." त्याने टोकन टेबलावर ठेवलं. "मावशीचं विचारायला आलोय. रिकाम्या पोटी गोळी दिली, संत्र्याच्या रसासोबत, तुम्ही लिहिलं तशी. रोज उलटून पडते. पावासोबत द्यायची नाही. मग कशासोबत द्यायची?"

ती विचारात पडली. पेनाचं टोपण तिने चारदा काढलं, चारदा लावलं. काहीतरी मऊ हवं. पोटाला आधार देणारं आणि लोहाला न धरणारं. दूध नको, कोंडा नको...

"बन," ती म्हणाली.

"कोणता?"

"माझा. पांढरा. अर्धा. सोबत संत्रं, ते लोह शोषायला मदत करतं. कोंड्याचा पाव संध्याकाळी पाचला."

तो तिच्याकडे बघत राहिला. "तुम्हीच लिहिलंय, मैदा बंद. दोन रेघा मारून."

तिने तक्ता ओढला आणि त्या दोन्ही रेघांसकट ते शब्द खोडले. "लोण्याशिवाय हं," ती म्हणाली.

त्याच्या ओठाचा एक कोपरा हलला. जरासाच. उठता उठता तो थांबला. "तो कोंड्यातला हट्टी पदार्थ... त्याचं काही करता नाही येत?"

"येतं ना. पीठ भरपूर वेळ आंबवलं तर तो बराचसा मोडतो. लोह मोकळं होतं. पण त्याला फार तास लागतात, हल्ली कोण..."

"किती तास?"

"जितके जास्त तितकं चांगलं. एक दिवस म्हणा ना."

तो पुन्हा खुर्चीत बसला. "आजोबा असंच करायचे," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "एक चिनीमातीची बरणी होती. कालच्या पिठाचा गोळा त्यात ठेवायचे. आजचं पीठ उद्या भाजायचे. मी आलो आणि यीस्टची पुडी आणली. दोन तासांत पाव. मला वाटायचं, काय सुधारणा केली मी!" तो उठला. "बरणी माळ्यावर आहे अजून."

"अहो, टोकन न्या तुमचं."

"राहू दे. परत यावं लागेल मला."

तो खरंच परत आला. दोन दिवसांनी, कागदात गुंडाळलेला पहिला पाव घेऊन. तिने तो टेबलावर आपटला. टण्ण आवाज आला.

"दार वाऱ्याने आपटतं माझं," ती म्हणाली. "अडवून ठेवायला उत्तम आहे."

"पहिलाच आहे हो! जरा दया दाखवा!"

दुसरा पाव आंबट झाला, इतका की मेट्रनबाईंनी एक तुकडा खाऊन दोन्ही डोळे मिटून घेतले. तिसरा मात्र... तिसरा तिने तोडला तेव्हा आत छान जाळी पडली होती, कोंडा मऊ झाला होता आणि खोलीभर असा वास सुटला की बाहेर टोकन घेऊन बसलेले लोक दारातून डोकावू लागले. तो खुर्चीच्या पाठीला धरून परीक्षेचा निकाल ऐकायला उभा असल्यासारखा उभा होता.

"हा पाव तुमच्या आजोबांनीही नाकारला नसता," ती म्हणाली.

त्याने खुर्चीची पाठ सोडली. मग म्हणाला, "त्या दिवशी मी तुमच्यावर नव्हतो रागावलो. स्वतःवर..."

"थोडे माझ्यावरही होतात."

"...थोडा."

"तेवढं चालेल. तेवढा हक्क होता."

"तुम्ही सांगितलं नसतंत तरी चाललं असतं. नुसती वेळ बदलली असतीत, आम्हाला काय कळणार होतं? का सांगितलंत?"

तिने पावाचा तुकडा ताटलीत इकडून तिकडे सरकवला. "तुमच्यापासून लपवून... मग रोज सकाळी तुमच्यासमोर उभी कशी राहिले असते?"

दुसऱ्या दिवशी बन तपकिरी कागदात मिळाला. ती काउंटरसमोर उभी राहून त्या कागदाकडे इतका वेळ बघत राहिली की मागे रांगेतल्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने काठी आपटली.

तिसऱ्या आठवड्याचा रिपोर्ट आला, नऊ पॉइंट आठ. पाचव्या आठवड्याचा दहा पॉइंट पाच. मावशी रोज सकाळी अर्धा बन, एक संत्रं आणि एक गोळी घेऊन ताठ बसायची. "माझ्या पुढ्यातला पांढरा पाव परत आला," ती येईल जाईल त्याला सांगायची. "वर कोंडाताईची सही घेऊन आला."

अठरा तारखेला शेवटचा रिपोर्ट होता. प्रयोगशाळेच्या खिडकीसमोर दोघं उभे होते. तो नखं खात होता आणि ती त्याला नखातलं पीठ कच्चं असतं म्हणून सांगत होती. खिडकीतून कागद सरकला. तिने तो घेतला आणि वाचायचं धाडस होईना, म्हणून त्याच्या हातात दिला. त्यालाही होईना. शेवटी दोघांनी एक एक टोक धरलं.

अकरा पॉइंट दोन.

त्याने काय करावं? भर कॉरिडॉरमध्ये, मेट्रनबाई समोरून येत असताना, त्याने तिचे दोन्ही हात घट्ट धरले. तिच्या निळ्या बाह्यांवर मनगटापासून कोपरापर्यंत पिठाचे पंजे उमटले. मेट्रनबाई जवळ आल्या, त्यांनी पंजे पाहिले, "कॉरिडॉर स्वच्छ ठेवा" एवढं म्हणाल्या आणि पुढे जाऊन खुदकन हसल्या.

ऑपरेशन नीट पार पडलं. सहाव्या दिवशी मावशी वॉकर धरून सात पावलं चालली. आठवं पाऊल तिने खिडकीपर्यंत टाकलं आणि मागे वळून म्हणाली, "नळ मोठा सोडायची गरज नाही आता." भाच्याने तोंड फिरवलं. त्याला वाटलं होतं, तिचं रडणं त्याला ऐकू येतं हे तिला माहीत नाही.

घरी सोडायच्या दिवशी सिस्टरने एक फॉर्म आणून दिला. घरी रुग्णाची काळजी घेणाऱ्या दोन व्यक्तींची नावं हवी होती. पहिल्या ओळीत त्याने स्वतःचं नाव लिहिलं. पुढे 'नातं' असा रकाना होता, त्यात 'भाचा'. दुसरी ओळ मोकळी.

"दुसरं कोण आहे तुमच्याकडे?" सिस्टरने विचारलं.

"माझं लिहा," ती पटकन म्हणाली. "म्हणजे... औषधं, आहार, मी येऊन बघत जाईन. तसंही रोज सकाळी बेकरीत असतेच मी."

तिने फॉर्म घेतला, पेनाने आपलं नाव लिहिलं आणि पुढच्या रकान्याशी अडली. नातं. शेजारीण नव्हती. मैत्रीण? मावशीची? तिने त्याच्याकडे पाहिलं. "इथे काय लिहू?"

त्याने कानावरची पेन्सिल काढली. फॉर्म स्वतःकडे ओढला, हाताचा आडोसा करून काहीतरी लिहिलं आणि लिहून झाल्यावर त्यावर तळहात ठेवून बसला. त्याचे कान लाल लाल झाले होते.

"मी तुम्हाला ताई का म्हटलं नाही, ते कळलं होतं का कधी?" त्याने विचारलं.

"पहिल्याच दिवशी. चौकात. दोन सिग्नल गेले माझे."

"मग..." त्याने तळहात उचलला. "पेन्सिलने लिहिलंय. चुकलं असेल तर खोडता येईल."

रकान्यात बारीक, तिरक्या अक्षरात लिहिलं होतं, 'होणारी भाचेसून'.

ती वाचत राहिली. खिडकीशी मावशी वॉकर धरून उभी होती आणि मुद्दाम बाहेर बघत होती, बाहेर बघण्यासारखं काहीही नसताना. सिस्टरला अचानक दुसऱ्या पेशंटची आठवण झाली.

"खोडू?" तो म्हणाला. आवाज अगदी हळू झाला होता. "घाई नाही. मी थांबायला शिकलोय आता. एक दिवस म्हणा, एक वर्ष म्हणा..."

तिने पेनाचं टोपण काढलं. फॉर्म जवळ घेतला आणि पेन्सिलच्या त्या अक्षरांवरून, एकही काना-मात्रा न सोडता, शाईने सावकाश गिरवलं.

"अक्षर फार वाईट आहे तुझं," ती म्हणाली.